दिव्यांच्या दुकानातला अंधार

माझ्या वहिनीने आयुष्यात दोनच नोकऱ्या केल्या. पहिली अंधारात, दुसरी उजेडात. आणि दोन्हीकडे ती एकाच गोष्टीवरून भांडली: उजेड किती आणि किती वेळ. माणसं जागेवरून भांडतात, मानपानावरून भांडतात, नळाच्या पाण्यावरून भांडतात. ही बाई उजेडावरून भांडायची. मी तिची सख्खी नणंद. तिच्याबद्दल वाकडं बोलायचा हक्क मला नात्यानेच मिळालाय आणि तो मी पुरेपूर वापरला आहे. तरीही सांगते, ती भांडली ते बरोबर भांडली.

दादाचं लग्न झालं तेव्हा ती एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये प्रिंट काढायची. पुढच्या खोलीत फोटोग्राफर लोकांना हसवायचा आणि मागे ही त्यांची तोंडं कागदावर उमटवायची. खोली एवढीशी, एक लाल दिवा, औषधाचे ट्रे आणि दाराला आतून जाड काळा पडदा. कागदावर उजेड पाडायचा तो मोजून. जास्त पडला की माणसाचं तोंड काळं, कमी पडला की भूत. एकदा एक गृहस्थ मुलीचा फोटो परत घेऊन आले, म्हणाले, जरा उजळ करून द्या. वहिनी पडद्यातून डोकं बाहेर काढून म्हणाली, "मुलगी आहे तश्शी छापली आहे. उजळ हवी असेल तर दुसरी मुलगी आणा." गृहस्थ तणतणत गेले. स्टुडिओवाल्याने कपाळाला हात लावला. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी एकटी आली आणि तोच फोटो घेऊन गेली.

डार्करूममधला एक हिशोब तिच्या हाडीमाशी खिळला होता. उजेड अर्धा केलास तर वेळ दुप्पट कर, फोटो तोच येतो. हा हिशोब ती घरातही सगळीकडे लावायची. गॅस मंद असेल तर दुप्पट वेळ, इस्त्री कोमट असेल तर दुप्पट वेळ. दादाशी अबोला धरला तरी बहुधा याच हिशोबाने धरत असावी, कारण तिचा राग मंद असला की चांगला आठवडाभर चालायचा.

पुढे ज्याच्या त्याच्या खिशात फोन आला, फोनात कॅमेरा आला आणि स्टुडिओला टाळं लागलं. वहिनी येताना तो काळा पडदा तेवढा घेऊन आली. मी म्हटलं, "हे काय धुडकं आणलंस?" तर म्हणाली, "असा अंधार आता विकत मिळत नाही." मी तो पलंगाखाली ढकलून दिला.

मग ती दिव्यांच्या दुकानात लागली. झुंबरं, भिंतीवरचे दिवे, छतातले दिवे, टेबलावरचे दिवे. दारातून आत पाऊल टाकलं की डोळे आपोआप मिटायचे. मी शिवणकाम करते, त्यामुळे वहिनीच्या ओळखीने दिव्यांवरच्या कापडी टोप्या शिवायचं काम मला तिथूनच मिळू लागलं आणि आठवड्यातून एकदा तरी माझी तिथे चक्कर व्हायची. मालक गोल चेहऱ्याचा, हसरा, पोटात पाप नसलेला माणूस. मी त्याला तोंडावर अहो-जाहो करते, मागे नाही. त्याचं एकच होतं. जगात कुठेही काही अडलं असेल तर ते उजेड कमी पडल्यामुळे, अशी त्याची मनापासून समजूत होती.

अशा दुकानात माझी वहिनी गिऱ्हाइकाला विचारायची, "एवढ्याशा खोलीत हे झुंबर? ऑपरेशन करायचंय का घरात?" बाकीचे विक्रेते डोक्याला हात लावायचे. त्यांनी तिचं नाव 'बत्तीगुल' ठेवलं. तिच्या कानावर गेलंच. म्हणाली, "गुल तर गुल. एकदा होऊ तर दे, डोळ्यांना बरं वाटेल." तरी मालकाने तिला ठेवली, कारण तिने लहान दिवा घ्यायला लावलेली माणसं पुढच्या वेळी शेजाऱ्यांना घेऊन यायची.

मग एकदा मालक कुठल्याशा मोठ्या हॉटेलात उतरला आणि तिथली समुद्राच्या पाण्याची टाकी बघून खुळावला. परत आला तो टाकीचं वेड घेऊनच. दुकानाच्या मधोमध काचेची टाकी उभी राहिली, माणूस आत आडवा झोपेल एवढी. आत खारं पाणी, दगड, चार मासे आणि पोवळी. पोवळं म्हटलं की आपल्याला माळेतला लाल मणी आठवतो. ही जिवंत होती. हलायची, फुगायची, मिटायची. मधलं पोवळं ओंजळीत मावेल एवढं, वळ्यावळ्यांचं, गर्द हिरवं आणि कडेने तांबूस. दिसायला थेट मेंदू. म्हणून दुकानात सगळे त्याला मेंदूच म्हणायला लागले. वहिनी म्हणाली, "बरं झालं. दुकानात एक तरी आला." मालकाने ऐकलं आणि तोही खदाखदा हसला. तेव्हा त्यांचं इतकं बरं चाललं होतं.

टाकीची कटकट कोणालाच नको होती, म्हणून ती वहिनीच्या गळ्यात पडली. टाकी बसवणारा माणूस, त्याला सगळे टाकीवालाच म्हणायचे, तो तिला पाणी कसं बदलायचं, मीठ किती घालायचं ते दाखवून गेला. त्याने आणखी एक सांगितलं. या पोवळ्यांच्या अंगात डोळ्याला न दिसणारं बारीक शेवाळ राहतं. उजेडावर ते अन्न तयार करतं आणि त्यातलं पोवळ्याला देतं. पोवळ्याचा रंगही बराचसा त्याचाच. वहिनीने घरी येऊन आम्हाला ते आपल्या भाषेत सांगितलं, "मेंदूने भाडेकरू ठेवलेत. भाडं म्हणून ते त्याला जेवण देतात. उजेड कमी पडला की भाडेकरू उपाशी, म्हणजे घरमालकही उपाशी. उजेड फार झाला की भाडेकरू विषारी होतात आणि मग घरमालक त्यांना हाकलून देतो." दादा म्हणाला, "आणि मग?" "मग घर पांढरं पडतं. घरमालक आत असतो, पण जेवायला कोण घालणार?"

एवढं सगळं समजलेली बाई, आणि पहिलं शेण तिनेच खाल्लं. टाकीवाला म्हणाला होता, मध्यम उजेड, दिवसातले काही तास, पुरे. मालकाचं म्हणणं, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत टाकी झगमगली पाहिजे. वहिनीने डार्करूमचा हिशोब काढला. उजेड अर्धा, वेळ दुप्पट. मालक खूश, मेंदू खूश, हिशोब चोख. स्वतःवर इतकी खूश होती की त्या दिवशी तिने मला चहा करून दिला, तोही न मागता.

काही आठवड्यांत मेंदू आक्रसला. वळ्यांच्या कडेने आतलं हाड दिसायला लागलं. हिरवा रंग मळला, काचेवर बुळबुळीत शेवाळ धरलं. वहिनीने पाणी तपासलं, मीठ तपासलं, उजेड आणखी थोडा कमी केला, मग थोडा वाढवला. काही केल्या फरक नाही. ती घरी यायची तीच कपाळाला आठ्या घालून. डार्करूममध्ये बरं होतं, म्हणायची, कागदाची पट्टी कापायची, थोडाथोडा उजेड पाडून बघायचा, बिघडली तर फेकायची. या मेंदूची पट्टी कुठून कापू?

मग एका संध्याकाळी त्या अख्ख्या रस्त्यावरची लाईट गेली ती सकाळपर्यंत आलीच नाही. टाकीचा पंप बॅटरीवर चालू राहिला, पण दुकानातले आणि काचेच्या खिडकीतले झाडून सगळे दिवे बंद. हे खिडकीतले दिवे मालक जाहिरात म्हणून रात्रभर चालू ठेवायचा आणि त्यांचा उजेड थेट टाकीवर पडायचा. सकाळी वहिनी दुकानात गेली तर मेंदू फुगून टम्म झालेला. महिनाभरात असा उघडला नव्हता.

त्या दिवशी जेवताना तिने ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "चुकले मी. कागदाला रात्र लागत नाही. याला लागते."

चूक कबूल करायला तिला कधी जड गेलं नाही. दुसऱ्याची चूक चालवून घ्यायला मात्र फार जड जायचं. तिने पलंगाखालचा काळा पडदा ओढून काढला, मला मशीनवर बसवलं, त्याला नाडी घालून घेतली आणि टाकीभोवती टांगला. नवीन वेळापत्रक केलं. सकाळी पडदा. दुपारी आधी अगदी मंद निळा दिवा, मग हळूहळू चढता, मग मोजके तास पुरता उजेड, मग तसाच उतरता. दिवेलागणीला परत पडदा. मालक म्हणाला, "बाई, दिव्यांच्या दुकानात हा काळा पडदा?" ती म्हणाली, "झोपलंय म्हणून सांगा. दुपारी या म्हणावं." आणि लोक खरंच दुपारी यायला लागले. मेंदू बाळसं धरायला लागला, बाकीची पोवळीही सुधारली. मालक कुरकुरला, पण त्याने चालवून घेतलं. माणूस वाईट नव्हताच.

बिनसलं ते नव्या मालावरून. मालकाने खास टाक्यांसाठीचे नवे दिवे विकायला आणले. भयंकर प्रखर. फोनवरून चालणारे. त्यातला एक आपल्या टाकीवर बसवायचा, पुऱ्या ताकदीने, शटर वर जाण्यापासून शटर खाली येईपर्यंत, म्हणजे गिऱ्हाईक बघून घेईल. मी तेव्हा टोप्यांचा गठ्ठा घेऊन तिथेच उभी होते, म्हणून हे कोणाकडून ऐकलेलं नाही.

"प्रखर पाहिजे तर तास कमी करा," वहिनी म्हणाली. "दिवसभर पाहिजे तर मंद करा. आणि काहीही करायचं तर एकदम नको. त्याला सवय व्हायला हवी. आज थोडा, पुढच्या आठवड्यात आणखी थोडा."

"मला दोन्ही पाहिजे," मालक म्हणाला. "मी दिवे विकतो. मंद दिवा कोण घेणार?"

"दोन्ही नाही मिळणार. आणि दिवसभर मंद हे मी करून बघितलंय, तेसुद्धा फार ताणलं की मरतं. तेव्हा खरं म्हणजे एकच मिळेल."

"बाई, ते पोवळं आहे. तुमची सासू नाही."

"सासूला मी एवढं जपलं नसतं."

मी सासूची मुलगी तिथेच उभी. पण तेव्हा मध्ये बोलायची वेळ नव्हती.

मालक म्हणाला, दिवा लागणार म्हणजे लागणार. त्यावर वहिनी म्हणाली, "मग सगळं जिवंत बाहेर काढा, आत नुसते दगड ठेवा आणि पाडा उजेड."

'पाडा उजेड' तिने अशा सुरात म्हटलं की दुकानातले विक्रेते फिस्सकन हसले. दोन गिऱ्हाइकंही हसली. मालकाचा चेहरा उतरला. एरवी त्याने ऐकून घेतलं असतं. पण चार माणसांत हसं झालं की माणूस मुद्दा ऐकत नाही, हसणं ऐकतो. त्याने स्वतः पडद्याची नाडी सोडली, पडद्याची घडी केली, चांगली व्यवस्थित घडी, आणि वहिनीच्या हातात दिली. "घरी न्या," म्हणाला. दिव्याचा ताबा त्याच्या फोनमध्ये गेला आणि फोन त्याच्या खिशात.

पुढे मेंदूचं जे व्हायचं ते झालं. आधी हिरवा फिका पडला, मग पिवळट, मग पांढरा. वहिनी त्याला दगडाच्या आडोशाला सरकवायची, मालक गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हणून परत पुढे आणून ठेवायचा. ती रोज सकाळी त्याच्यासमोर जाऊन उभी राहायची आणि म्हणायची, "आज तरी कमी करा." तो हिशोबाच्या कागदातून मान वर करायचा नाही. घरी दादाने तिला समजावलं. "नमतं घे जरा. त्याचं दुकान, त्याची टाकी, त्याचा दिवा." ती म्हणाली, "आणि जीव कोणाचा?" दादा लिफ्ट दुरुस्त करतो, चढउतार त्याला कळतात, असले प्रश्न नाहीत. तो हात धुवायला उठला.

शेवटी एका गिऱ्हाईक बाईंनी काचेवर बोट ठेवून विचारलं, "हे मेलंय का हो?" आणि मालक सगळ्यांसमोर म्हणाला, "मेलंय. बाई, काढा ते आणि कचऱ्यात टाका."

"मेलेलं नाही. भाडेकरू गेलेत, घरमालक आहे अजून."

"कचऱ्यात टाका म्हटलं ना."

"टाकू?"

"टाका."

"बघा हं. नंतर म्हणाल."

"बाई, किती वेळा सांगू? मेलं ते, टाका!"

वहिनीने बादली आणली, टाकीतलंच पाणी तिच्यात काढलं, मेंदूला खालून हात घालून अलगद उचललं, बादलीत ठेवलं आणि दुकानातून चालती झाली. बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "मावशी, बादलीत काय आहे?" ती म्हणाली, "मेंदू." कंडक्टर तिकीट फाडून घाईने पुढे गेला. तिने घरी न नेलेला तो पडदा बादलीवर टाकला होता. उन्हाने आणखी भाजू नये म्हणून.

मी दार उघडलं आणि बघतच राहिले. "हे काय? आणि एवढ्या लवकर कशी? नोकरी सोडलीस की त्यांनी काढलं?"

"काय माहीत. मी बादली घेऊन निघाले, त्यांनी थांबवलं नाही."

"काय दिवे लावलेस गं वहिनी!"

"लावायला नाही म्हटलं म्हणूनच तर घरी आले," असं म्हणून ती मला बाजूला सारून थेट माझ्या खोलीत घुसली.

माझ्या खोलीत का, तर तिथे एक लहान खारी टाकी होती. दुकानासाठी नवीन आणलेले मासे, पोवळी आधी काही दिवस घरच्या टाकीत ठेवून, आजारी नाहीत ना बघून मग दुकानात जायची. ती टाकी माझ्या खोलीत, कारण माझी खोली घरातली सगळ्यात अंधारी. खिडकी बोळात उघडते. मी त्या खोलीत शिवायला बसते ते डोक्यावरच्या मोठ्या दिव्याच्या जोरावर. आणि त्या संध्याकाळी वहिनी माझ्या दाराशी येऊन गोड आवाजात म्हणाली, "वन्सं..." एरवी मला नावाने हाक मारणारी ही बाई वन्सं म्हणाली की समजायचं, काहीतरी उपटायचंय.

"नाही," मी आधीच म्हटलं.

"दिवा नका लावू रात्रीचा. मशीन स्वयंपाकघरात न्या. फक्त तो सावरेपर्यंत."

"तुझ्यामुळे माझं दुकानाचं काम गेलं. आता खोलीही घे."

"खोली नको. अंधार द्या."

आम्ही चांगल्या कडाकडा भांडलो. नणंद-भावजय जशा भांडतात तशा, म्हणजे विषय मेंदूचा आणि उकरून काढलं ते वीस वर्षांपूर्वीचं. पण मी मशीन स्वयंपाकघरात हलवलं. ती काही ऐकली नसती आणि पांढरी पडलेली ती वस्तू बघून मलाच वाईट वाटत होतं. टोप्यांच्या कामाची चिंता होतीच. कपडे दुरुस्तीचं काम मिळवायला मी गल्लीत दारोदार फिरले, हे मी वहिनीला जाणूनबुजून रोज ऐकवलं.

मेंदूला पुन्हा उजेडाची सवय लावायची होती. घरच्या टाकीवर एकच लहान दिवा, त्याचा उजेड कमी-जास्त करायची सोय नाही, चालू नाहीतर बंद. वहिनी त्याच्याकडे बघत डोकं खाजवत बसली होती. मी म्हटलं, "कापड घाल की मध्ये." टोप्यांची उरलेली जाळी माझ्याकडे होती. तिचे तुकडे कापले, चौकटीला टाचले आणि दिव्याखाली एकावर एक थर लावले. उजेड गाळून खाली यायला लागला. तास बदलायचे नाहीत, ते ठरले ते ठरले, दुपारचे मोजकेच. आणि मेंदू सावरेल तसा एकेक थर काढायचा. वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. "तुला हे आधी का नाही सुचलं?" म्हणाली. आभार मानायची तिची ही पद्धत आहे.

भाडेकरू परत येईपर्यंत घरमालकाला हाताने भरवायला हवं होतं. पडदा पडून खोलीत अंधार झाला की मेंदूच्या वळ्यांमधून बारीक बारीक बोटं बाहेर यायची, तेव्हा वहिनी चिमट्याने कोळंबीचा कण त्याच्यापुढे धरायची. कधी घ्यायचा, कधी नाही. नाही घेतला की ही बाई जेवायची नाही. दादा म्हणायचा, "घरात आजारी माणूस नाही, पण उपास सगळ्यांना." दरम्यान टाकीवाल्याने तिला काम मिळवून दिलं. एका दातांच्या डॉक्टरांकडची टाकी, मग एका शाळेतली, मग आणखी कोणाकोणाकडच्या. सगळीकडे ती गेल्यावर पहिलं विचारायची, रात्री इथे दिवा असतो का? असेल तर पाण्याला हात लावायच्या आधी भांडायची.

हिरवा रंग आधी दिसला तो मला. दुपारी सुईदोरा घ्यायला खोलीत गेले, दिवा नुकताच लागलेला, जाळीचा एकच थर काय तो काढला होता. पांढऱ्या वळीच्या तळाशी एक रेघ, अगदी कोवळी. मला वाटलं काचेवरचं शेवाळ. बोटाने पुसून बघितलं. काच स्वच्छ होती. मी वहिनीला हाक मारली ती अशी की शेजारीण पळत आली. वहिनी आली, गुडघ्यावर बसली, बघितलं आणि म्हणाली, "भाडेकरू आले." मला रडू आलं. एका पोवळ्यासाठी या वयात रडू यावं याची लाज वाटली, पण आलं ते आलं.

टाकीवाल्याच्या पोटात काही राहत नाही. पुढे मेंदू पूर्ण हिरवा झाला, कडेने तांबूस झाला, आधीपेक्षा मोठा झाला, ही बातमी त्याने दुकानात पोचवली. आणि एक दिवस, दुपार व्हायच्या जरा आधी, मालक आमच्या दारात. हसरा चेहरा तोच, जरा उतरलेला. त्याच्या टाकीतलं एकेक पोवळं गेलं होतं. आता आत प्लास्टिकची ठेवली होती, असं त्यानेच सांगितलं. वहिनीने त्याला आत घेतलं, पाणी दिलं. तिच्या तोंडावर रागाची रेघ नव्हती, आणि ते मला जास्त भीतीचं वाटलं.

"बघू तर द्या मेंदूला," तो म्हणाला.

आम्ही तिघं माझ्या खोलीत गेलो. आत अंधार, माणसाची आकृती तेवढी कळावी एवढा. टाकीवर पडदा. त्याने तो स्वतःच जरा बाजूला केला आणि काचेला नाक लावलं. "काही दिसत नाही," म्हणाला. "लाईट कुठे आहे?" आणि भिंतीवर चाचपडत त्याचा हात माझ्या मोठ्या दिव्याच्या बटणाकडे गेला.

मी त्या हातावर चापट मारली. खरंच मारली. दुकानाच्या मालकाला, ज्याच्या कामावर मी इतकी वर्षं जगले त्याला. "हात मागे," मी म्हटलं. "वेळ झाली की लागेल. बसायचं तर बसा." वहिनीने अंधारात माझ्याकडे वळून बघितलं असावं.

तो माझ्या शिवणाच्या स्टुलावर बसला. मग म्हणाला, "बाई, परत या. मेंदूही आणा. टाकी तुमच्या ताब्यात. तास तुमचे, उजेड तुमचा, पडदासुद्धा लावा." मग माझ्याकडे वळून, "तुमचं टोप्यांचं कामही परत सुरू करू." गल्लीतल्या जुन्या कपड्यांना ठिगळं लावून माझी बोटं दुखत होती आणि टोप्यांचं काम मला हवं होतं. खोटं कशाला बोलू?

"खिडकीतले दिवे?" वहिनीने विचारलं.

"ते कसे बंद करू? दिव्यांचं दुकान आहे ते. रात्री अंधारात ठेवलं तर लोक म्हणतील बुडालं."

"मग नाही."

"अहो, पण शेवटी पोवळं माझंच ना?"

"तुमचं मेलं. तुम्हीच सांगितलंत. चार माणसांसमोर. टाका म्हणालात, मी टाकलं. हे जिवंत आहे, हे तुमचं कसं असेल?"

तो माझ्याकडे बघायला लागला, जशी काही मी पंच. मला काय बोलायचं ते ठरवायला वेळ लागला नाही. "टोप्या द्यायच्या तर द्या," मी म्हटलं, "नाही तर नका देऊ. पण मेंदूच्या बदल्यात नकोत."

मालकाने घड्याळ चेहऱ्याजवळ आणून बघितलं. मग उठला. "दुकान उघडं टाकून आलोय," म्हणाला. "लागायला किती वेळ आहे अजून?"

"आहे जरा. आणि लागला तरी लगेच उघडत नाही तो. आधी अंदाज घेतो."

"आज एक दिवस थोडा आधी लावलात तर? बघतो आणि जातो. मी पुन्हा मागणार नाही. नुसतं बघायचंय हो."

त्याचा आवाज इतका पडला होता की मी असते तर लावला असता. वहिनी म्हणाली, "नाही."

तो दाराकडे गेला. दार उघडलं तसा बाहेरचा उजेड आत आला, पडद्याच्या फटीपर्यंत. वहिनी काही बोलायच्या आत त्याने स्वतःच दार ओढून घेतलं, चाचपडत परत आला आणि स्टुलावर बसला.